वानखडे बाईंचं भेव

वानखडे बाई भिंतीकडे तोंड करून डबा खायच्या. बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या शाळेत मी नव्याने रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी हे नजरेत आलं. बाकीच्या शिक्षिका गोल करून बसलेल्या, आणि या धिप्पाड बाई कोपऱ्यात, उजव्या गालावर पदर ओढून एकट्या. भित्र्या म्हणावं तर तसंही नाही. बाजाराच्या दिवशी उधळलेला बैल मैदानात शिरला, तेव्हा मुलांना मागे लोटून छत्री उघडून त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या मी त्यांना पाहिलंय.

एकदा लोणच्याची फोड द्यायला गेले आणि त्यांचा पदर सरकला. जबड्याखाली लिंबाएवढी सूज. सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिथे काहीच नव्हतं.

"बाई, हे काय?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "घास तोंडात गेला का फुगते. घंट्याभरानं उतरते. कोणाले सांगशीन त माही शपथ हाय तुले."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"माही माय गळ्याच्या गाठीनं गेली, सुनंदा. दाखोलं का डॉक्टर दुखण्याचं नाव सांगते. नाव कळत नाही तवरोक ते नुसती सूज हाय."

मी कोणाला सांगितलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते. पुढे त्यांनी शाळेत डबा आणणंच सोडलं. ताकावर दिवस काढायच्या. मग एका सोमवारी ताप अंगात घेऊनच वर्गावर आल्या. मंगळवारी त्यांना बोलता येईना. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलली गेली होती, थुंकी गिळता येत नव्हती, टॉवेल ओला होत होता. मी हात धरून त्यांना जीपमध्ये बसवलं आणि बुलढाण्याची वाट धरली. मागे टेकल्या की जीव गुदमरायचा, म्हणून त्या पुढे वाकून बसल्या. एका पोराची वही सोबत आली होती, तिच्यात त्यांनी लिहिलं, 'श्वास पुरून नाही राह्यला.' थोड्या वेळानं खाली आणखी एक ओळ लिहिली, 'मायसारखंच हाय का?' मी नाही म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं होऊ दिलं नाही. बसल्या बसल्याच एक बोट जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं जबड्याखालून दाबलं. जिभेखालून पू आला.

"खडा लागतोय बोटाला," त्या म्हणाल्या. "लाळेच्या ग्रंथीची नळी खड्यानं तुंबलीय. जेवताना लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून फुगत होतं. आता आत पू झालाय. तुम्ही आधी आला असतात तर खडा काढून त्याच दिवशी घरी गेला असतात."

दोन दिवस बाईंच्या श्वासावर पहारा होता. वेळ पडली तर गळ्याला छेद देऊन नळी घालायची तयारी शेजारच्या ट्रेमध्ये झाकून ठेवली होती. बाईंची नजर त्या ट्रेवरून हलत नव्हती. इंजेक्शनं लागू पडली, सूज उतरली आणि काही आठवड्यांनी जागा बधिर करून जिभेखालून खडा काढला. तुरीच्या दाण्याएवढा. बाई तो तळहातावर घेऊन बघतच राहिल्या. "एवढ्याशासाठी मी वरीसभर भेली!"

तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मध्ये बसून जेवू लागल्या. पालकसभेत मुलांच्या हजेरीचं बोलता बोलता मध्येच बायांना सांगायच्या, "भेव वाटते त वाटू द्या. पण दाखोल्याबिगर राहू नोका."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तीन वर्षांनी वेणी घालताना माझ्याच डाव्या जबड्याखाली काही टणक लागलं, तेव्हा मी दीड महिना कोणाला सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. मुलगी पहिलीत होती. ती शेजारी झोपली की माझं बोट आपोआप तिथे जायचं. वर्गात फळ्यावर लिहितानाही तेच. बाईंनी ते पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांची बोटं माझ्या गळ्यावर होती.

"जेवताना वाढते?"

"नाही."

"दुखते?"

"अजिबात नाही."

बोटं थांबली. बैलासमोर न हललेल्या त्या चेहऱ्याचा रंग माझ्यासमोर उतरला. "हे माह्यावाणी नाही, सुनंदा," त्या म्हणाल्या. "चाल." माझा रजेचा अर्जही त्यांनीच लिहिला, मी फक्त सही केली.

सोनोग्राफी झाली, सुईनं नमुना घेतला. रिपोर्टला आठ दिवस होते. बाई रोज संध्याकाळी घरी येऊन बसायच्या; धीर देण्यासारखं काही बोलायच्या नाहीत, नुसत्या भाजी निवडायच्या. रिपोर्ट वाईट आला. कर्करोग होता, पण लहान, लाळेच्या ग्रंथीतच थांबलेला. ग्रंथी काढायची, आजूबाजूच्या गाठीही काढायच्या, मग किरणांचा शेक द्यायचा.

संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या सकाळी जो तो मला म्हणत होता, घाबरू नको. बाई आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, मला फार भीती वाटते हो."

"मलेबी वाटून राह्यली," त्या म्हणाल्या आणि माझ्या खाटेवर बसल्या. स्ट्रेचर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच हात धरून बसलो. तेवढा वेळ मला एकटं वाटलं नाही.

ओठ हलवणारी शीर त्या ग्रंथीवरूनच जाते. ती वाचवली होती, पण ताणली गेली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हसून दाखवायला सांगितलं, तर खालच्या ओठाची डावी बाजू जागची हलेना. मला रडू फुटलं. बाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. "अर्धं हासू आलं ना? बाकीचं येईन मांगून."

ते यायला पाच महिने लागले. तोवर बाई निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे गेल्या होत्या. ओठ सरळ झाला त्या दिवशी मी फोन केला, तो लेकीनं उचलला. आदल्या आठवड्यात बाईंचं हृदय अचानक बंद पडलं होतं.

आता दर सहा महिन्यांनी तपासणीची तारीख असते. आदल्या दिवशी जेवण जात नाही. डॉक्टरांचं बोट गळ्यावर फिरतं तेव्हा मी श्वास धरून बसते. निघताना यजमान विचारतात, भीती वाटते का? मी हो म्हणते, आणि चप्पल घालते.