ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तेव्हा

आमचं घर कापसाच्या अडतीवर उभं राहिलेलं. भाव चढेपर्यंत माल दाबून धरायचा, हे मी वडिलांकडे बसून शिकलो होतो. साठीच्या दशकात अकोल्यात रेडिओ जुळवायचा छोटा कारखाना काढला, तिथंही मी तीच अक्कल चालवली. एका रेडिओत सहा ट्रान्झिस्टर लागायचे. मुंबईला त्यांचा भाव जरा उतरलेला दिसला आणि मी वर्षभराचा साठा एकदम उचलला. आपण किती हुशार, असं मला तेव्हा वाटत होतं.

भाव मात्र उतरतच गेला. ट्रान्झिस्टर म्हणजे कापूस नव्हे, त्याचा नवा माल आधीपेक्षा स्वस्तच येतो, हे कळायला मला सहा महिने लागले. तोवर अमरावतीच्या एका कारखानदारानं नव्या भावाचा माल घालून रेडिओची किंमत पाडली. मलाही त्याच किमतीला विकणं भाग पडलं, पण माझ्या रेडिओत महागाचे ट्रान्झिस्टर बसलेले. एका नगामागचा नफा आटत आटत चहापाण्यापुरता उरला.

घेतलेल्या मालाचा भाव काही मला कमी करता येत नव्हता. कमी करता येत होती ती मिस्त्रींची मजुरी. मिस्त्री बाळापूरचे, माझ्याहून वयानं मोठे. पहिल्या रेडिओपासून सागवानी पेट्या तेच करत. खिळा न मारता खाचेत खाच बसवायची आणि कोपऱ्यावरून नख फिरवून बघायचं, ही त्यांची रीत. नख अडलं तर ती पेटी ते मला देतच नसत.

मजुरी कमी करतो म्हटल्यावर ते भांडले नाहीत. म्हणाले, "करा कमी, भाऊ. पन मायं चुकलं काय, ते त सांगा."

खरेदीत मी माती खाल्ली, एवढंच सांगायचं होतं. पण मी पडलो ताठ्याचा. म्हणालो, "मिस्त्री, आजकाल तुमच्या जोडात फट राहते."

पुढच्या खेपेच्या पेट्या आधीपेक्षाही सरस निघाल्या, तरी मी चकार शब्द काढला नाही. वर्षाच्या आत प्लास्टिकच्या पेट्या येऊ लागल्या आणि मी निरोप धाडून त्यांचं काम थांबवलं. पुढे कारखानाही बुडाला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

दोनेक वर्षांनी मिस्त्री वारल्याचं कळलं, म्हणून मी बाळापूरला गेलो. त्यांच्या मुलानं चहा पुढे केला. म्हणाला, "तुमचं काम बंद झालं, मंग अब्बानं कोनाचंच जोडकाम घेतलं नाई. म्हनत, नजर गेली मायी, फट दिसत नाई मले."

त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती, हे त्या मुलाला सांगायला तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.