दाजींचं जाडं तेल

माझ्या बहिणीचा नवरा साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. नटबोल्ट कपाटात ठेवायचे आणि मागेल त्याला काढून द्यायचे, एवढीच त्याची यंत्रांशी ओळख. निवृत्त झाल्याबरोबर तो इंजिनियर झाला. प्रकाशा गावी आमच्या घरी तो जवाई, म्हणून तोंडावर त्याला 'दाजी' आणि 'तुम्ही' म्हणावं लागतं. लिहिताना मात्र मी 'तो'च लिहिणार.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत दोघं आठ दिवस राहायला आले. थंडी जबर होती. तोरणमाळला गवतावर बर्फ साचल्याचे फोटो मोबाईलवर फिरत होते, आणि आमच्याकडे खाली तापीकाठीसुद्धा सकाळी बादलीत हात घालवत नव्हता. पपईची बाग मोडून मला तिथे टरबूज लावायचं होतं, आणि वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कुरकुरत होती. नांगर वर उचलायला तिला दम लागायचा. आमच्या ट्रॅक्टरला गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच, मागच्या खोक्यात भरलेलं. ते दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. बदलायलाच हवं होतं.

मी शहाद्याला निघालो तर दाजी मफलर गुंडाळून गाडीवर मागे येऊन बसला.

दुकानदार मारवाडी शेठ. त्याने ट्रॅक्टर कोणता ते विचारलं आणि दोन बादल्या पुढे ओढल्या. त्यातलं एक तेल पातळ, पिवळसर. "हे गिअरलाही चालतं, लिफ्टलाही. थंडीत हेच घ्या," शेठ म्हणाला. दुसरं होतं एकशेचाळीस नंबरचं गिअर तेल, मधासारखं जाड.

दाजीने पातळ तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, डोळे मिटले. वैद्य नाडी पाहतो तसा चेहरा केला.

"हाई ते पानी शे," तो म्हणाला. "जुना गिअर शेतस. पातळ तेलमा घासाई जातीन. जाडं टाक."

"दाजी, लिफ्टचा पंप आहे, त्याला जाड तेल ओढवणार नाही," शेठ सभ्यपणे म्हणाला.

"मी कारखानामा जिंदगी काढेल शे!"

शेठने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं शेठ बरोबर आहे. एवढं कळायला कारखान्यात जिंदगी काढावी लागत नाही. तरी मी म्हणालो, "हा दाजी," आणि जाडं तेल घेतलं. जवाईचा शब्द मोडला तर आई दोन दिवस जेवणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे आईला मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू केला. लिफ्टचा दांडा वर ओढला तर पंप कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटायला लागला, आणि नांगर जमिनीवरून बोटभरही उठला नाही. दाजी शाल पांघरून भोवती दोनदा फिरला, टायरवर लाथ मारली. टायरचा काय संबंध, देव जाणे.

"तेल गोठेल शे. खाले शेकोटी पेटाव."

आणि मी, पन्नाशीचा माणूस, खोक्याखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून त्या पेटवल्या. आधी धूर झाला, मग जाळ वर चढला आणि मागच्या दिव्याची वायर वितळून थेंब थेंब गळायला लागली. दाजी चार पावलं मागे सरकून सांगत होता, "थोडा आजून."

गोठ्यातून बहीण धावत आली. हा ट्रॅक्टर वडिलांनी तिला सोळाव्या वर्षी शिकवला होता, माझ्याआधी.

"माटी टाक आगवर!" ती ओरडली, आणि मी हलायच्या आत तिनेच घमेलं उपडं केलं.

जाळ विझला. ती नवऱ्याला वळसा घालून माझ्याकडे वळली.

"त्या पाहुना शेतस. तू घरना शे ना? तुले तोंड नव्हतं?"

दाजी 'चहा थंड होई ऱ्हायना' म्हणत घरात गेला.

बहिणीने मला परत शहाद्याला पिटाळलं. मी पातळ तेल आणल्यावर तिने दोन्ही तेलं दोन वाट्यांत काढून संध्याकाळी ओट्यावर उघड्यावर ठेवली. सकाळी दोन्ही वाट्या माझ्यासमोर तिरक्या केल्या. पातळ तेल लगेच काठावर आलं. जाडं जागचं हललं नाही, वाटीला काकवीसारखं चिकटून बसलं.

"कोनतं टाकानं, सांग आते."

मी पातळ तेलाकडे बोट दाखवलं. तिने ट्रॅक्टर चालू ठेवून आतलं जाडं तेल तापवलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर सोडलं. पंपाच्या तोंडाची जाळी तिने स्वतः काढली, डिझेलमध्ये धुतली. तिच्यात जुना काळा चिखल अडकलेला होता. तोही दाजीच्या बोटाला कळला नव्हता. मग नवं तेल भरलं. दांडा ओढला तर नांगर हळूच, काही न बोलता वर आला. बहिणीने साडीचा पदर खोचला आणि पहिले दोन तास तिनेच नांगर चालवला. मी बांधावर उभा होतो.

दाजी उन्हात खुर्ची टाकून शेजाऱ्याशी बोलत होता. शेजारी मान डोलवत होता. "शेकोटी दिधी म्हनीसन पंप मोकळा झाया," दाजी सांगत होता, "नाही ते नवा टाकना पडता." मी ऐकलं. या वेळी तोंड उघडायला कुणाची आडकाठी नव्हती. आई मंदिरात गेली होती.

मी शेजाऱ्याला विचारलं, चहा घेणार का.