आत न्यायचं राहिलेलं मीठ

आई गेल्यावर बाबांनी स्वयंपाक हातात घेतला आणि तिचं सोवळंही. काशीत दशाश्वमेध घाटावर ते महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत. घरी आंघोळ करून सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड गेले, की जेवण उरकेपर्यंत कुणाला शिवणं नाही. सुरुवातीला मला म्हणाले होते, "सोवळ्यानं येत असशील तर आत ये, बरोबर जेवू." मी तडकून म्हणाले, "मला नाही जमत असली नाटकं."

झालं. तेव्हापासून वर्षभर आम्ही एकाच घरात वेगवेगळे जेवत होतो. ते आत, मी बाहेरच्या खोलीत. ते वाळत चालले होते. एकटा माणूस जेवून जेवून किती जेवणार? मला सगळं दिसत होतं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी एका कॉलेजच्या संगणक केंद्रात नोकरी करत होते. सर्व्हर एकच. ई-मेलचं टपाल, वेबपेज, फायलींची देवघेव, सगळं त्याच्याच डोक्यावर. एक दिवस फायलींच्या दारातून कुणीतरी शिरलं आणि थेट लोकांच्या टपालापर्यंत पोचलं. साहेब म्हणाले, "सोमवार तक कुछ कीजिए, नहीं तो मैं तार ही निकलवा दूँगा।"

उपाय पुस्तकात होता. फायलींच्या प्रोग्रॅमला एका फोल्डरमध्ये कोंडायचं. त्याच्या लेखी तेवढंच जग. चोर शिरलाच तरी तिथंच अडकेल, टपालाला हात लागणार नाही. वाचायला किती सोपं! मी कोंडलं, आणि तो सुरू होता होताच मरायला लागला. दोन दिवस मी त्याला शिव्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून बाबांची हाक आली, "अगं, नमक बाहेरच राहिलं की!"

मी उठले.

"तू नको शिवूस. राहू दे, आज तसंच जेवतो."

माझं डोकंच फिरलं. "आधी लक्षात ठेवायला काय होतं, बाबा?"

त्यांनी वरणाचं पातेलं उतरवून ठेवलं. मग म्हणाले, "तुझी आई आंघोळीआधी मनातल्या मनात सगळा स्वयंपाक करून बघायची. जे जे हाताला लागेल ते आधीच आत. जे लागणार नाही ते बाहेर. एकदा सोवळ्यात गेलं की बाहेर हात घालता येत नाही ना. मला अजून जमत नाही."

ते बिनमिठाचं वरण जेवले. मी सायकल काढली, पण रस्ताभर तेच डोक्यात होतं.

केंद्रात पोचल्यावर कागद घेतला आणि त्या प्रोग्रॅमचा स्वयंपाक मनात करून बघितला. सुरू होताना तो फोल्डरबाहेरची कुठली फाइल मागतो? मग कुठली? जे सापडलं ते एकेक करून आत नेलं. सगळ्यांच्या पासवर्डांची अख्खी यादी मी आदल्या दिवशी आळसानं आत टाकली होती, ती काढली आणि लागतील तेवढीच नावं ठेवली. संध्याकाळी तो सुरू झाला आणि जिवंत राहिला. मी एकटीच खुर्चीत बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक आले. "ग्यारह बजे फ़ाइल रखी मैंने, और यह साढ़े पाँच दिखा रहा है!"

खरंच होतं. इथली वेळ सांगणारी एक बारकी फाइल आत न्यायची राहिली होती; ती नसली की तो ग्रीनिचची वेळ धरतो. बाहेर घड्याळ पुढे गेलं होतं आणि आतला बिचारा साडेपाच तास मागे, आपल्या परीनं इमानानं काम करत होता. फाइल आत ठेवली आणि लवकर घरी आले.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बाबा पाठमोरे होते. समोर दोन पाट, दोन ताटं. दुसऱ्या ताटाशी आईची पितळी वाटी होती. त्यांनी वाटीत वरण वाढलं, थबकले, आणि ते हळूच परत पातेल्यात ओतलं.

हे रोजचंच असणार. मी वर्षभर पलीकडच्या खोलीत बसून जेवत होते आणि मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी आंघोळ केली. आईचं सोवळ्याचं पातळ उंच दांडीवर होतं. ते कुणीतरी नेमानं धुऊन वाळत घालत होतं, आणि घरात दुसरं होतं कोण? काठीनं काढून नेसले आणि उंबऱ्यापाशी उभी राहिले.

"येऊ?"

बाबांनी वळून बघितलं. माझ्याकडे, मग पातळाकडे. बराच वेळ. मग दुसरं ताट पुढे सरकवलं आणि त्यात आधी मीठ वाढलं.

आम्ही जेवलो. हात धुताना ते म्हणाले, "उद्या माझ्या आंघोळीआधी सांग, तुला काय काय लागतं ते. आत नेऊन ठेवतो."