कपाळावरचं रेडियम

शेजारच्या काकूंनी मला वाचवलं. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून.

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमची मोजकी मराठी घरं. सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन कलकत्त्याला आलेली, बंगाली येत नाही. दिवसभर मी भिंतींशी काय बोलणार? घड्याळांच्या एका व्यापाऱ्याने घरी काम दिलं. लष्कराच्या जुन्या घड्याळांवरचे आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाने पुन्हा भरायचे. रांगोळीचा हात आहे, जमेल, असं हे म्हणाले. ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायचं, हे व्यापाऱ्याच्या माणसानेच शिकवलं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी उरलेला रंग काढला. खिडक्या लावून एकेकीच्या कुंकवाखाली ठिपका दिला. कपाळं चमकली, बायका खुदखुदल्या. मला तेव्हा दिवस गेलेले. गौर प्रसन्न आहे हो, म्हणाल्या.

काकू उशिरा आल्या. कॅन्सरवर रेडियमच्या सुया लावून घेऊन त्या नुकत्याच इस्पितळातून परतल्या होत्या. रंगात काय आहे, त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, रेडियम.

त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, पदर ओला केला आणि सगळ्यांची कपाळं पुसायला घेतली. ठिपक्याबरोबर कुंकूही गेलं. सवाष्णींचं कुंकू, चैत्रगौरीच्या दिवशी! "स्वतः मरणाच्या दारातून आली, आता आमच्या कुंकवावर उठली," असं एकजण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. काकूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, तिथे नर्स शिशाच्या आडोशाला उभी राहून लांब चिमट्याने सुया धरते. आणि तू ते जिभेवर घेतेस? पोटात पोर असताना?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या व्यापाऱ्याकडे गेल्या. काकूंनी सुयांचं सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, हे तर औषध आहे, तुम्हीच इस्पितळात घेऊन आलात ना? काकू म्हणाल्या, मग रंगाचा डबा स्वतःच्या टेबलावर ठेव. त्याने तो आणला नाही. डबा अंगणापलीकडच्या खोलीत, लोखंडी पेटीत होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं! आजही ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते.

हे मला पेपर वाचून दाखवतात. कुठे बॉम्बची चाचणी, कुठे अणूपासून वीज. रेडियमवर माझा राग नाही, त्यानेच काकू जगल्या. पण जाणत्यांनी चिमटे स्वतःकडे ठेवायचे आणि आमच्या हाती ब्रश द्यायचा, हा कुठला न्याय?

मुलगा धडधाकट आहे. आता त्याचे दुधाचे दात पडताहेत, आणि रेडियम हाडादातांत जाऊन बसतं म्हणतात, म्हणून प्रत्येक दात मी उजेडात निरखते. मग आरशात स्वतःचाही जबडा चाचपून बघते.

त्या दिवसानंतर काकूंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पुढे त्यांच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. एका चैत्रात मी त्यांना इथे आणीन, त्याच बायकांदेखत पहिल्या पाटावर बसवीन आणि पहिलं कुंकू त्यांना लावीन. त्याआधी मला काही होऊ नये, एवढंच.