काकीच्या प्रतीतल्या अकरा ओळी

या सदरातले अद्भुत अनुभव मी आजवर प्रुफं तपासावीत तसे वाचत आलो... चूक कुठे आहे ते शोधत. आणि ती सापडायचीच. कुणाला ताप होता, कुणी अर्धवट झोपेत होता, कुणी दुसऱ्याचं ऐकून सांगत होता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण माझ्या स्वतःच्या हकिकतीत गेली पाच वर्षं मला चूक सापडलेली नाही. म्हणजे एक सापडली – ती माझीच होती. ती आधी सांगतो.

मी कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. मुलुंड पश्चिमेला एका गाळ्यात आमचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, औषधांची लेबलं. पुस्तक क्वचित. घाटकोपरचे एक निवृत्त शिक्षक – त्यांना नुसतं सर म्हणतो – गिरणगावाच्या इतिहासाचं बाड घेऊन आले, तेव्हा मालक कुरकुरले आणि मी हरखलो. वीस वर्षं सरांनी चाळीचाळींतून हिंडून माणसांना बोलतं केलं होतं. भोंगे, नळावरची भांडणं, भजनी मंडळं, आणि कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका.

त्यातल्या एकीकडे सरांना मीच नेलं होतं. राणेकाकी. हल्ली ती नाहूरला लेकाकडे असते. पूर्वी परळच्या चाळीत एका खोलीत तीस-पस्तीस माणसांचं दोन वेळचं करायची. मी गावाहून आलो तेव्हा तिच्याकडेच जेवायचो. लेक आता बँकेत. खानावळीचा विषय घरात निघू नये असं त्याचं धोरण. सर गेल्यावर काकीने मला हळूच विचारलं, "माजा नाव पुस्तकात येतला? खरां?"

"येणार गं काकी. मीच जुळवणार."

मजकूर हातात आला. काकीवर अकरा ओळी. एका पोराला टी.बी. झाला, खोलीतल्या गाववाल्यांनी त्याची वळकटी गॅलरीत टाकली. राणेबाईंनी त्याला सहा महिने आपल्या चुलीमागे जागा दिली, बाकीच्यांना मुदतीचा ताप म्हणून सांगितलं, त्याचं ताट स्वतः घासलं. शेवटचं वाक्य होतं – देवगडकडचा तो मुलगा आज मुलुंडला कंपोझिटर आहे.

तो मुलगा मी.

सरांपाशी मीच एकदा बोलून बसलो होतो. एरवी काकी, ते जुने खोलीवाले आणि बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याच महिन्यात माझ्या मोठ्या मुलीचं बोरिवलीच्या एका घरात जमत आलं होतं. बापाला टी.बी. होता म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सरांना सांगून फक्त ते वाक्य काढता आलं असतं. पण तेवढं तोंड उघडायचीही माझी हिंमत झाली नाही. सोळा पानांचा एक फर्मा असतो. शेवटच्या फर्म्यात मजकूर दहा-बारा ओळींनी वाढत होता. मालक म्हणाले, "सरांना विचार आणि काहीतरी काप." सर गावी गेले होते. मी विचारलं नाही. काकीच्या अकराच्या अकरा ओळी काढल्या, खिळे सोडवून एकेक आपल्या खणात टाकले आणि मालकांना सांगितलं – सरांनीच कापायला सांगितलंय.

पुस्तक बांधून आलं. सरांनी ढिगातली वरची प्रत उचलली, सही केली आणि माझ्या हातात दिली. "ही राणेबाईंना तुम्हीच द्या." मी तिथेच ते पान उघडून पाहिलं. ओळी नव्हत्या. कशा असणार?

रविवारी दुपारी नाहूरला गेलो. बेत ठरलेला होता – काकीला वाचता येत नाही, तेव्हा पुस्तक समोर धरायचं आणि ओळी तोंडपाठ म्हणायच्या, स्वतःचं वाक्य गाळून. काकी नवं लुगडं नेसून बसली होती. मी खिशातून चष्मा काढतोय तोच तिच्या सुनेने पुस्तक ओढून घेतलं.

"द्या भावजी, मी वाचते. तुम्ही छापणारे लोक, निम्मं खाऊन टाकाल."

"अगं, मला पान माहितीय..."

"अनुक्रमणिका कशाला असते मग? खानावळी... हं, हे बघा सापडलं."

आणि ती वाचायला लागली. वळकटी. गॅलरी. चूल. मुदतीचा ताप. माझ्या हातातला चहा पँटवर सांडला. ओळीमागून ओळ ती वाचत होती आणि सगळं शब्दाला शब्द बरोबर होतं. फक्त शेवटचं वाक्य वेगळं – 'तो मुलगा पुढे बरा झाला.' असं वाक्य सरांनी लिहिलंच नव्हतं.

लेकाने पेपर खाली ठेवला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू इचारलंस कधी?"

मी पुस्तक हातात घेतलं. आमचाच टाइप. आमच्या खिळ्यांच्या केसमधला डोकं झिजलेला 'क' तिसऱ्या ओळीत दिसत होता.

निघताना काकी दारापर्यंत आली. तिथे जिन्यात मी तिला सगळं सांगितलं. ओळी मी काढल्या, का काढल्या, सगळं.

"मगे ह्या काय हा?"

"मला माहीत नाही गं."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुका आता खोकलो नाय ना?"

"नाही."

"मगे झाला तर. चेडवाचा लगीन ठरव आणि माका बलव."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात शिल्लक प्रती एकेक उघडल्या. एकीतही त्या ओळी नव्हत्या. मालक म्हणाले, "काय रे, लावून आलास काय सकाळी सकाळी?" संध्याकाळी घाटकोपरला जाऊन सरांपुढे कबुली दिली. ते रागावतील असं वाटलं होतं. पण पायात चपला सरकवत ते म्हणाले, चला, मला ती प्रत दाखवा. काकीच्या घरी तिची आणि छापखान्यातली एक अशा दोन प्रती शेजारी ठेवून आम्ही ओळी मोजल्या. पानं तेवढीच, प्रत्येक पानावर ओळी तेवढ्याच, काकीच्या प्रतीत दुसरं काहीही गळलेलं नाही – आणि तरी त्या अकरा ओळी जास्तीच्या आहेत. "मोजलं तर बसत नाही, वाचलं तर बसतं," सर म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

उरलेल्या प्रतींत चिकटवायला शुद्धिपत्र छापायचं ठरलं. सरांनी विचारलं, "शेवटचं वाक्य कुठलं घालू? इथलं बरं आहे. तुमची अडचण नको."

"तुमचंच घाला, सर. आणि माझं नावही."

ती चिठ्ठी जुळवायला मला अर्धा दिवस लागला. खिळे लावत होतो, परत काढत होतो. पण ती छापून झाल्यावर पोटभर जेवलो – बायकोच्याही लक्षात आलं. चिठ्ठी लावलेली पहिली प्रत घेऊन बोरिवलीला गेलो आणि होणाऱ्या व्याह्यांना ते पान उघडून दिलं. दोन दिवस निरोप नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच छापखान्यात आले. "आमच्या थोरल्या भावाला होता हो," म्हणाले. "आम्हीही तुम्हाला सांगणार नव्हतो." आणि दोघंही येड्यासारखे हसत सुटलो.

लग्न झालं, मुलगी सुखात आहे. ज्या ओळींचे खिळे मी माझ्या हाताने खणांत टाकले, त्या कुणी आणि कधी जुळवल्या, ते मला आजही सांगता येत नाही. सरांनाही नाही. हल्ली आम्ही त्यावर डोकं चालवणं सोडून दिलंय. शुद्धिपत्र मी सगळ्या प्रतींना स्वतः खळ लावून चिकटवलं. काकीच्या प्रतीला मात्र लावलं नाही – तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.