चैत्रात दिलेलं कपाशीचं औषध

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत. वाघ मारायला बंदी आली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ऐन चैत्रात शेजारचा शेतकरी बांधावर येऊन म्हणाला, "भाऊ, कपाशीनं औषध शे का? माले थोडं जोयजे."

मी अर्धी बाटली काढून दिली. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे आपलं तोंडदेखलं कारण. पऱ्हाट्या कधीच उपटून झाल्या होत्या. फवारायला शिवारात कपाशीचं एक झाड उभं नव्हतं. आदल्या दिवशी त्याची गाय वाघिणीनं मारली होती. बंदीच्या जंगलात चरायला सोडलेली, म्हणून त्यानं गावात वाच्यता केली नाही, मला तेवढं सांगितलं. वाघाच्या कातड्याला गिऱ्हाईक असतं हेही मला ठाऊक होतं. एवढं सगळं कळूनही मी काही विचारलं नाही. शहाणाच की मी!

दोन दिवसांनी फॉरेस्टचा गार्ड दारात आला. रोज पायी जंगल तुडवणारा, आमच्याकडे कळण्याची भाकरी खाऊन पुढं जाणारा माणूस. त्या दिवशी पाणीसुद्धा प्याला नाही. वाघीण नाल्यात मेलेली सापडली होती, कातडं सोलून नेलेलं.

"तिची दोन पिल्लं आहेत, आता मांस खातात," तो म्हणाला. "विष घातलेलं जनावर कुठं पडलंय ते कळलं तर आजच पुरून टाकतो. कोणाचं ढोर मेलंय का, भाऊ?"

नाव जिभेवर होतं. पण नावामागून बाटली आली असती आणि बाटलीमागून मी. "माहीत नाही," म्हणालो.

तो एकटाच नाले धुंडाळत राहिला. तिसऱ्या दिवशी गाय सापडली. तिच्याजवळ चार-पाच गिधाडं मरून पडलेली, आणि दोन्ही पिल्लं. शेजाऱ्याचा मला राग येतो, पण स्वतःचा येतो तितका नाही.

पंचनाम्याला गार्डनं मलाच बोलावलं. "गावात तुमच्या शब्दाला मान आहे," म्हणाला. विष कोणी घातले ते समजून आले नाही, असं त्यानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. पिल्लांवर माश्या बसत होत्या. एका हातानं तो त्या हाकलत होता, दुसऱ्या हातानं सही कुठं करायची ते मला दाखवत होता. मी सही केली.