धणे, मासे आणि सासूबाईंची खुर्ची

१२ एप्रिलला धणे भाजायचे होते. उन्हाळ्यात मी काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी घेते. काही ठरलेली घरं आणि द्वारका चौकाजवळचं एक दुकान. मसाल्यात खरं काम भाजण्याचं, आणि भाजणं चालतं वासावर. मला दोन वर्षांपासून वास येत नव्हता. तापात गेला तो गेलाच. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रंग आणि घड्याळ बघून भाजत होते, आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, "ताई, अगदी नेहमीसारखा झालाय."

मुलगी प्राणिशास्त्र शिकते. दुसऱ्या दिवशी तिचा सेमिनार होता, म्हणून ओट्याजवळ उभी राहून ती मलाच वर्ग समजून बोलत होती. धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो, पाण्याची आम्लता वाढते. तशा पाण्यात वाढवलेली काही माशांची पिल्लं शत्रूचा वास ओळखेनाशी झाली. उलट त्याच्याच दिशेने पोहत गेली.

"नाक सडतं का त्यांचं?"

"नाही गं. नाक जागेवरच असतं. मेंदू वासाचा अर्थ उलटा लावतो, असं काहींचं म्हणणं. दुसऱ्यांनी तेच प्रयोग पुन्हा केले, तर मासे ठणठणीत निघाले. भांडण चालू आहे."

"पण माशाला कळतं का, आपल्याला वास येत नाही ते?"

"त्याला कसं कळणार? तो आपल्या तोऱ्यात पोहतो."

मी माझ्या तोऱ्यात धणे परतत होते. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. पूर्वी त्या प्रत्येक घाण्याला "उतरव आता" म्हणायच्या. कंटाळून मीच एकदा "आई, तुम्ही आराम करा" म्हणून त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं.

"करपले," त्या म्हणाल्या.

"रंग बघा ना आई, छान आलाय."

"रंग काय बघायचा? मागच्या वर्षीही करपले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"आराम करा म्हणालीस. करत होते."

मुलगी हसली, मग हसायची थांबली. मला डोळे मिटायला लावून तिने नाकाखाली एक डबी धरली. मी हळद म्हणाले. हिंग होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं. पण गिऱ्हाइकांची तक्रार नाही. नेहमीसारखाच लागतो म्हणतात."

"आता करपलेलाच नेहमीचा झाला असेल," सासूबाई म्हणाल्या.

मी सगळे धणे कचऱ्यात ओतले. मुलीने सेमिनारात आईचं उदाहरण देऊ का विचारलं. नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराला फोन करून माल उशिरा येईल आणि मागच्या वर्षीचा करपला होता, असं सांगितलं. त्याला तो आवडला होता. मग हॉलमधली हातांची खुर्ची ओट्याशेजारी आणून सासूबाईंना बसवलं आणि कढई चढवली. धणे मला अजून कच्चेच दिसत होते.

"उतरव आता," त्या म्हणाल्या.

मी उतरवली.